जुनी भाषा, चालते काम

वसतिगृहात पहाटे आम्ही पाली भाषेतील वंदना म्हणत असू. अर्थ पुढे कळला. उच्चार मात्र आधीच अंगवळणी पडले होते. शिक्षण संपवून पुण्यात नोकरीस लागलो, तेव्हा पुन्हा एक जुनी भाषा आमच्या वाट्याला आली. ती होती 1959 साली आखली गेलेली ‘कोबोल’ ही संगणकीय भाषा. सोबतचे तरुण नव्या भाषांत काम करीत. आम्हांला कमीपणा वाटे.

पहिल्याच वर्षी व्याजाच्या हिशेबातील एक निरुपयोगी भासणारी ओळ आम्ही काढून टाकली. चाचणीत शेकडो खात्यांचे आकडे चुकले. ती ओळ जुन्या नियमाखाली उघडलेल्या खात्यांसाठी होती. लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले होते आणि त्या नियमाची नोंद अन्यत्र कुठेही नव्हती. जुन्या प्रोग्राममध्ये संस्थेची स्मृती साठलेली असते, हे त्या दिवशी उमगले.

कोबोल टिकली ती याच कारणाने. शिवाय तिची दशमान गणना पैशापैशाचा हिशेब चोख ठेवते. तिची वाक्ये साध्या व्यवहारी इंग्रजीसारखी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या आम्हांलाही ती वाचता आली. फोरट्रान तर 1957 सालची. तरीही रेल्वेच्या ‘कॉन्सर्ट’ या आरक्षण प्रणालीचा गाभा फोरट्रान आणि सी या भाषांतच उभारला गेला. 30 डिसेंबर 2023 रोजी जालन्याहून मुंबईस वंदे भारत धावू लागली. गाडी नवी, पण तिच्या आरक्षणाचा पाया जुनाच होता.

जुने म्हणून सारेच जपावे, असेही नाही. जागा वाचविण्यासाठी वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची काटकसर 2000 साल जवळ येताच जगाला महागात पडली. असंख्य प्रोग्राम तपासून दुरुस्त करावे लागले. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे, असे कालाम सुत्तात तथागत सांगतात. जुने म्हणून टाकून देण्यापूर्वीही तीच पारख हवी, एवढे आमचा अनुभव सांगतो.

शाळेतून बाहेर पडणाऱ्या धाकट्या भावंडांना आमचे सांगणे इतकेच : जुने काम हाती आले तर लाजू नका. आणि तुम्ही जे लिहाल, त्याचे कारणही शेजारी लिहून ठेवा. आपल्यामागून कोणीतरी ते वाचणार आहे.