आत्याचे काम



माझ्या भावाची दोन्ही मुले मला आत्या म्हणतात. थोरलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे आईवडिलांना आपल्याच लेकराचे धर्ममातापिता होता येत नाही. आत्या-मावशीला होता येते. मला स्वतःचे मूल नाही, पण त्या दिवशी वेदीसमोर मी शब्द दिला आहे.

गेल्या महिन्यात शाहपुरा तलावाच्या काठी फिरताना ती अचानक म्हणाली, “आत्या, मला एवढ्यात दृढीकरण नको. आजीसाठी आपण रोज रोझरी म्हटली. कुणी ऐकली?”

मी पडले धर्मशिक्षिका! ईयोबापासून गेथशेमानेपर्यंत सगळे सांगून टाकले. ती गप्प झाली. पुढचे दोन रविवार माझ्याकडे फिरकलीच नाही.

त्याच दिवसांत २ राजे, अध्याय ११ वाचनात आला. अथल्या राजवंशाचा संहार करायला उठली, तेव्हा यहोशेबाने आपल्या भावाचे तान्हे बाळ, योवाश, दाईसकट बिछान्यांच्या खोलीत लपवले. सहा वर्षे तो परमेश्वराच्या मंदिरात दडून राहिला. दावीदाचा वंश एका आत्यामुळे वाचला, आणि शास्त्रात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. तिने बाळाला जागा दिली. मी माझ्या भाचीला उत्तरे दिली होती.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २ इतिहास, अध्याय २४ सांगतो की यहोशेबाचा पती, याजक यहोयादा, वारल्यावर हाच योवाश देवाला सोडून मूर्तींकडे वळला. त्याला बजावणाऱ्या यहोयादाच्या मुलाला, जखऱ्याला, त्याच्याच आज्ञेने मंदिराच्या अंगणात दगडमार झाला. हे वाचून माझ्या पोटात कालवले. जिवावर उदार होऊन वाचवलेल्या भाच्याच्या मनाची हमी यहोशेबालाही मिळाली नाही. मग मला कुठून मिळणार? तरीही त्या दिवशी बाळाला उचलणे चुकले, असे कोण म्हणेल?

शनिवारी सकाळी पोहे-जिलेबी बांधून घेतली आणि भावाकडे गेले. भाचीच्या खोलीत तिच्या पलंगाच्या कडेला बसले. बराच वेळ आम्ही नुसते खात होतो.

“आज काही सांगणार नाहीस?” तिने विचारले.

“नाही गं. आजीबद्दल तू सांग.”

ती रडली, मग बोलली. दृढीकरणाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. निघताना ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी येशील?”

प्रिय वाचकहो, तुमच्याही घरी कुणी भाचा, भाची, पुतण्या, पुतणी प्रश्न घेऊन उभी असेल. आधी जवळ बसा.

हे प्रभू येशू, तू लेकरांना कवेत घेतलेस. आम्हां आत्या-मावश्यांना, काका-मामांना तुझी सबुरी दे. जे आमच्या हाती नाही, ते तुझ्या हाती सोपवायला शिकव. आमेन.