कंपन्या चार, केबल एकच!

मंडळी, परवा सकाळी अकराला आपल्या तालुक्याचं नेट गेलं, ते संध्याकाळी सहाला आलं. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली. बँकेत 'लिंक नाही'. रेशन दुकानात अंगठा उठेना. दाखल्यासाठी वाडीवरून आलेल्या एक मावशी सेतूच्या पायरीवर तीन तास बसून रिकाम्या हाताने परत गेल्या.

मला एक कोडं पडलं. कंपन्या चार, मग चौघींचं नेट एकदम कसं गेलं? खड्ड्याजवळ जॉइंट मारणाऱ्या पोराला विचारलं. म्हणाला, "दादा, नावं वेगळी, केबल एकच."

थोडं समजून घेऊ. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्यातून लेसरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जातो. पूर्वी एका तारेत एकच तरंगलांबी, सोप्या भाषेत एकच रंग, सोडायचे. आता १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे ८० किंवा जास्त रंग एकदम सोडतात. पलीकडच्या टोकाला ते पुन्हा वेगळे करतात, आणि प्रत्येक रंगावर वेगळा डेटा. एका रंगावर सेकंदाला १०० गिगाबिट धरले तरी ८० रंगांचे ८,००० होतात. तुमच्या घरातल्या फायबरमध्येही हेच चालतं. येणारा डेटा १४९० नॅनोमीटरवर, जाणारा १३१० वर, तार एकच.

त्यामुळे नवी केबल न टाकता क्षमता वाढते, कंपन्यांना रंग भाड्याने देता येतात. स्वस्त पडतं, चांगलंच आहे. पण रंग कितीही वाढवा, खड्डा एकच राहतो. तार तुटली की सगळे रंग एकदम विझतात.

यावर उपाय आहे. दोन वेगळ्या रस्त्यांनी केबल नेऊन रिंग करायची. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून डेटा फिरतो. २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायतींसाठी रिंगच धरली आहे. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही त्याच वर्षी आलं.

म्हणून पुढच्या आमसभेत दोनच प्रश्न विचारा. आपल्या तालुक्याची रिंग कधी पूर्ण होणार? आणि परवा खोदण्याआधी ठेकेदाराने कुणाला कळवलं होतं का?

मी विचारणार आहेच. तुम्हीही या. मावशींना दाखल्यासाठी परत एसटीचं भाडं काढून यावं लागणार आहे, ते कोण देणार?