न पटणारी गोष्ट

माझी बहीण आपल्या दोन्ही मुलांना घरीच शिकवते. मराठीचा भार माझ्यावर. सिनेमा दाखवून मी साहित्य शिकवतो हे ऐकून वहिनी हसल्या, "मग शाळा काय वाईट होती?"

पण आमच्या कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या 'प्रभात'ने १९३७ साली 'कुंकू' काढला, तो ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून! आधी वाचायचे, मग पाहायचे, हा आमचा नेम. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कुठे रडायचे हे कुणी सुचवत नाही.

थोरली परवा म्हणाली, "मामा, नीराचे बंड मला पटते. तरी शेवटी काकासाहेबांचीच कीव येते. असे का?"

गाइडात याचे उत्तर नाही. मीही दिले नाही. तिने आपणहून कादंबरी पुन्हा उघडली.