शस्त्रक्रिया पोटाची, दुखणे घशाचे

गेल्या वर्षी पित्ताशयातील खड्यांसाठी माझ्यावर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पोटाची वेदना सुसह्य होती. पण आवंढा गिळणे कठीण झाले होते. आवाज इतका घोगरा झाला की दूरध्वनीवर नातीने मला ओळखलेच नाही. शस्त्रक्रिया पोटाची असताना घसा का दुखावा, या शंकेने मन ग्रासले. नको नको त्या व्याधींची नावे आठवून दोन रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांनी उलगडा केला. पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल केले की रुग्णाला स्वतः श्वास घेता येत नाही. म्हणून तोंडातून, दोन स्वरतंतूंच्या मधून, श्वासनलिकेत नळी बसवतात. तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा हवेने फुगवला की प्राणवायू निसटत नाही आणि जठरातील द्रव फुप्फुसांत उतरण्याचा धोका कमी होतो. या नळीच्या घर्षणाने व फुग्याच्या दाबाने घशातील नाजूक अस्तर दुखावते. १८७८ साली ग्लासगो येथे विल्यम मॅकेवन या शल्यचिकित्सकांनी भूल देण्यासाठी तोंडावाटे अशी नळी घातल्याची नोंद आहे.

बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत आपोआप ओसरतो. माझा पाचव्या दिवशी ओसरला. डॉक्टरांच्या अनुमतीने कोमट पाण्याचे घोट, मिठाच्या गुळण्या आणि मितभाषण, एवढेच पथ्य होते. मात्र श्वास घेण्यास त्रास, थुंकीतून रक्त, मानेवर सूज, ताप किंवा गिळताच न येणे, यांपैकी काही आढळल्यास तत्काळ डॉक्टरांना कळवावे. आठवड्यानंतरही आवाज घोगरा राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

संमतिपत्रात ‘घसा दुखणे’ हे दोन शब्द होते आणि मी ते वाचलेही होते. परंतु बँकेत कर्जाचे कागद हाताळताना अनुभवले होते, की छापील अट कोणी समजावून सांगितल्यावाचून मनात उतरत नाही. रुग्णालयात ती दोन मिनिटे मला कोणी दिली नाहीत.

आपल्या घरांत अनेकांचा दिवस पेढीवर बोलण्यातच जातो. शस्त्रक्रियेचा दिवस ठरताच भूलतज्ज्ञांना भेटावे. नळी घालणार का, आवाज केव्हा पूर्ववत होईल, हे विचारावे. हलणारे दात, कवळी, पूर्वीचा घशाचा आजार आवर्जून सांगावा. माझ्या त्या दोन रात्रींची भीती एवढ्याने टळली असती.