उलट्या हाताची गिटार

गिटार हे काही आपल्या घरातले वाद्य नव्हे. आपल्याकडे ढोलकी, पेटी, फार तर बुलबुल. पण माझ्या एका मित्राने तरुणपणी हप्त्याने जुनी गिटार घेतली आणि आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत तो वीस वर्षे ती वाजवीत होता. जयंतीच्या रात्री गायकाचा सूर ढळला तर तोच सावरून घेई. दिवसा मात्र तो एका लहानशा कारखान्यात प्रेस मशीनवर काम करी.

२०२२च्या पावसाळ्यात त्या मशीनखाली त्याचा डावा हात सापडला. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींची दोन-दोन पेरे गेली. मशीनची जाळी बरेच दिवस काढून ठेवलेली होती. जाळी असली की माल कमी निघतो म्हणे!

भरपाईचे कागद मी लिहिले. अर्ज लिहिण्यातच माझी निम्मी हयात गेली आहे. तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. तर्जनीची दोन पेरे गेली तर कमाईची ताकद ११ टक्के कमी, मधल्या बोटाची गेली तर ९ टक्के. बेरीज २०. मी आकडे भरत होतो, तो शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "आणि गिटारचे किती धरतोस?" त्याला रकाना नव्हता.

गिटारवर डाव्या हाताची बोटे तारा दाबतात आणि उजवा हात छेडतो. माझ्या भाच्याने सांगितले की इंग्लंडमधला टोनी आयोमीही पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोके गेली, तर त्याने प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांना लावल्या आणि पुढे जगभर नाव काढले. पण त्याची टोके गेली होती, आमच्या मित्राची पेरे. टोपी घालणार कशावर? मग एकच वाट उरली, हात बदलायचे. उजव्याने दाबायचे, डाव्याने छेडायचे.

नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. तारा जिच्यावरून जातात ती घोडीवरची पट्टी थोडी तिरकी असते, जाड तारेकडे लांबी किंचित जास्त. उलटे केले की वरचे सूर बेसूर होतात. डावखुऱ्यांची तयार गिटार मागवावी तर किंमत ऐकूनच आम्ही दुकानाची पायरी उतरलो. घरी येऊन मी बाबांची पेटी काढली. बाबा सुतार होते. रंधा, पटाशी, करवत, सगळे तेल लावून ठेवलेले होते.

पाठीला आणि बाजूंना जुन्या कपाटाचे शिसव मिळाले. वरचा तक्ता पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनचा, सरळ रेषांचा निवडून, तीन मिलिमीटरपर्यंत रंधून काढला. तो जाड ठेवला तर आवाज कोंडतो, पातळ केला तर बसतो. सहा पोलादी तारांचा ताण मिळून ७० किलोच्या आसपास जातो, म्हणजे एक माणूस कायमचा त्यावर लटकलेला! म्हणून आतून फुलीसारख्या पट्ट्या चिकटवतात. ही फुली १८४०च्या दशकात अमेरिकेत मार्टिन या कारागिराच्या गिटारींत दिसू लागली. मला तीही आरशातल्यासारखी उलटी करावी लागली.

बाजू वाकवताना पहिली फळी ताडकन मोडली. दुसरीही. तापलेल्या लोखंडी पाइपवर मी जोर लावीत होतो. आमच्या मंडळी इस्त्री करीत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, ओले फडके घाला मधे. वाफेशिवाय कापडसुद्धा ऐकत नाही." तिसरी फळी वाकली. त्या रात्री शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवली.

फ्रेट, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या तारा, बसवताना मात्र माझे बी.कॉम. कामाला आले. तारेची लांबी ६५० मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागायचे, आले ३६.५. तिथे पहिली फ्रेट. उरलेल्या ६१३.५ला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, ३४.४. असे करीत जायचे. मी थबकलोच. हा तर घटत्या किमतीवरचा घसारा! बारावी फ्रेट बरोबर अर्ध्यावर, ३२५ वर आली, तेव्हा ताळेबंद जुळल्यासारखे वाटले. भरपाईच्या तक्त्यात बेरीज जुळली होती तेव्हा असे काही वाटले नव्हते.

पाच महिने, बहुतेक रविवार, त्यात गेले. २०२३च्या डिसेंबरात त्याच्या घरी घेऊन गेलो. त्याने ती मांडीवर घेतली, हात आपसूक जुन्याच बाजूला गेले. मग स्वतःशीच हसून त्याने ती फिरवली. अंगठा आणि डाव्या हाताचे थोटूक यांच्यात पट्टी धरून तार छेडली. उजव्या हाताची बोटे कुठे पडावीत तेच त्यांना कळेना. वीस वर्षे वाजवणारा माणूस नवशिक्यासारखा अडखळत होता. त्याची मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली. आम्ही कोणीच बोललो नाही.

आता तो तीन गाण्यांपुरते सूर धरतो. सातव्या फ्रेटवर तार अजून झणझणते, तो दोष माझा. येत्या रविवारी कानस घेऊन जायचे आहे.