उस्तादांचं देणं

चिकलठाणा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडवर मी सोलरची वायरिंग करतो. कुठे शंभर किलोवॉट, कुठे पाचशे. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही पोराचा हात भाजला नाही, याचं श्रेय मुकुंदवाडीतल्या एका माणसाचं. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणतो.

उस्ताद सोलरमधले नव्हेतच. त्यांची हयात एका कारखान्यात डीसी मोटारींवर गेली. रिटायर झाले होते, आमच्याच गल्लीत राहायचे, म्हणून मी त्यांना पहिल्यांदा शेडवर नेलं. आम्ही एसीवर वाढलेले वायरमन. एसीचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेचा, कनेक्टर ओढला, तर दोन टोकांच्या मधे आर्क पेटून राहतो. फ्यूजच्या भरवशावरही राहता येत नाही, कारण पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट रोजच्या करंटपेक्षा जेमतेम जास्त असतो. आणि इन्व्हर्टर बंद केला, तरी ऊन आहे तोवर वरची केबल जिवंतच.

त्या दिवशी एक पोरगा क्लॅम्प मीटर लावून "झिरो आहे" म्हणाला आणि कनेक्टरला हात घालू लागला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. "बेटा, या क्लॅम्पवर डीसी आहे का?" नव्हतं. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो. डीसीच्या केबलमधून दहा अँपिअर वाहत असले तरी तो शून्यच दाखवणार. उस्तादांनी पिशवीतून स्वतःचा डीसी क्लॅम्प काढून लावला. आठ अँपिअर. ते मनगट त्यांनी धरलं नसतं तर, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

पुढे ते येत राहिले. पकडीनं दाबलेली क्रिंप त्यांना चालत नसे. टूलनंच दाबायची, मग ओढून बघायची. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी नुसती बसते म्हणून जोडायची नाही, तो जोड महिन्यांनी तापतो. एकदा डिझाइनच्या कागदावर एका स्ट्रिंगला 21 पॅनल होते. 46 व्होल्टचा एक, म्हणजे 966; इन्व्हर्टरची मर्यादा 1000. हिशेब बरोबर दिसत होता. उस्तादांनी विचारलं, "आणि जानेवारीत सकाळी?" गारठ्यात पॅनलचा व्होल्टेज चढतो. 25 अंशांचा आकडा 10 अंशांवर नेला, तर बेरीज हजाराच्या वर जात होती. डिझाइन करणाऱ्याला फोन लावून 20 करून घेतले.

त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. पाकीट पुढे केलं की "पोरांना चांगले हातमोजे घे" म्हणायचे. मी घेतलेही. पण तेवढ्यानं हे देणं फिटत नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही. ते असलं की त्यांच्या दाराशी जायला निमित्त राहतं.

आता गुडघ्यांमुळे त्यांना शिडी चढवत नाही. म्हणून सिस्टीम चालू करण्याआधी मी मेगरचा, म्हणजे इन्सुलेशनच्या मोजणीचा, तक्ता घेऊन त्यांच्या घरी जातो. चष्मा चढवून ते ओळ न ओळ वाचतात. मागच्या तक्त्यात एका स्ट्रिंगचा आकडा नियमात बसत होता, पण बाकीच्यांच्या मानानं कमी होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "सकाळी पत्र्यावर दव होतं का?" होतं. दवानं आकडा उतरतो, हे मलाही ठाऊक होतं. तरी त्यांनी दुपारच्या उन्हात परत मोजायला लावलं. आकडा चढला नाही. शोधत गेलो, तर केबल ट्रेच्या धारेवर एका जागी इन्सुलेशन कापलं गेलं होतं.