आजीची कवळी आणि माझे दात

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सर्वांनाच ठाऊक आहे. आमच्या घरी मात्र दातांचीच वाटणी विषम झाली होती. आजीला एकही दात उरला नव्हता, आणि माझे दोन जरा जास्तच होते!

वरचे पटाशीचे दोन दात मोठे म्हणून तिसरीत असताना वर्गातली मुले मला ‘फावडे’ म्हणत. तेव्हापासून हसताना तोंडावर हात नेण्याची सवय जडली, ती जडलीच. गेल्या उन्हाळ्यात मला पाहायला आलेल्या मंडळींनी निरोप धाडला, ‘मुलगी चांगली आहे, पण दात मोठे आहेत.’ लग्नाची मला मुळीच घाई नव्हती. उलट बी. ए. पुरे होणार म्हणून सुटल्यासारखे वाटले. तरीही ते वाक्य मनात रुतून बसले.

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून आजोळी, अहमदपूरजवळच्या खेड्यात गेले. आजीला कवळी बसवायची होती. घरात कागदपत्रे वाचणारी मीच, म्हणून तिला एस. टी. ने लातूरच्या दंत महाविद्यालयात नेण्याचे काम माझ्याकडे आले. एका खेपेत हिरड्यांचे माप, दुसरीत जबड्यांची उंची, तिसरीत मेणात बसवलेले दात घालून पाहणे, असे ते काम असते. दात गेले की जबड्याचे हाड झिजते, ओठ आत जातात, नाक आणि हनुवटी जवळ येतात. आजीचा चेहरा म्हातारपणाने आखडला असे मी समजत होते. तो दातांवाचून आखडला होता.

प्रश्न होता दात केवढे निवडायचे हा. शिकाऊ डॉक्टरबाईंनी कॅलिपर लावून गालाच्या दोन हाडांमधले अंतर मोजले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक ढोबळ नियम चालत आला आहे : चेहऱ्याच्या रुंदीला १६ ने भागले की वरच्या मधल्या दाताची रुंदी येते. ती साधारणपणे साडेआठ मिलिमीटर असते. नाकपुड्यांच्या रुंदीवरून सुळ्यांमधल्या अंतराचाही अंदाज घेतात. १९१४ साली लिऑन विल्यम्स यांनी तर सांगितले होते, की चेहरा उलटा धरला तर जो आकार दिसतो तोच पुढच्या दाताचा असतो. पुढे प्रत्यक्ष मोजमापे झाली, तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत हा मेळ बसेना. १.६१८ या ‘सुवर्ण प्रमाणा’चीही तीच गत झाली. “नियम सुरुवातीला धरायचे, शेवटी माणसाकडे पाहायचे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आजीचा तरुणपणीचा हसरा फोटो मागितला. आजीचा तरुणपणीचा एकच फोटो आहे. त्यात डोक्यावर पदर आहे आणि तोंड घट्ट मिटलेले आहे. फोटो नसेल तर रक्ताच्या नातेवाइकाचे दात पाहतात, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यात आजीने माझ्याकडे बोट केले.

“हिच्यावानी करा माय. माझे असेच होते.”

मी चकित झाले. आजीचे दात माझ्यासारखे होते, हे मला कुणीच सांगितले नव्हते!

मग माझेही माप झाले. चेहरा १३८ मिलिमीटर, दात ९. नियमाप्रमाणे माझा दात साडेआठाच्या किंचित वर हवा होता. म्हणजे फरक अर्धा मिलिमीटरही नव्हता! एवढ्याशा फरकावर एका घराने मला नको म्हटले होते आणि मी अकरा वर्षे तोंड झाकले होते.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पटाशीचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, ते पूर्ण रुंदीचेच. दात पुढे वाढत नाही. चेहरा मात्र सतरा-अठरा वर्षांपर्यंत वाढतच असतो. म्हणून त्या वयात बहुतेक मुलांचे दात मोठेच दिसतात. तिसरीतल्या मुलांनी मला चिडवले, तेव्हा माझा चेहरा अजून व्हायचा होता. चिडवणाऱ्यांचाही व्हायचा होता, हे त्यांना कोण सांगणार?

मेणातले दात घालून पाहण्याच्या दिवशी आजीने आरसा हातात घेतला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता मी मला वळखू आले.”

परतीच्या गाडीत ती अहमदपूर येईपर्यंत बोलत होती. कवळी अजून हाती यायची होती, तरी कुठल्याशा जुन्या गोष्टीवर ती खळखळून हसली. मीही हसले. सवयीने हात वर गेला. आजीने तो धरला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला.

“हे दात आता दोघींचे हायत,” ती म्हणाली.